लग्नाच्या कोटाचं माप

खुशालराव टेलरकडे मागच्या अकरा महिन्यांत दोन-अडीच हजार माणसांनी लग्नाच्या कोटाचं माप दिलं, आणि त्यातल्या एकालाही कोट नको होता. कोणाला वाटेल, अमरावतीत लग्नांचा पूर आला की काय! तसं काही नाही. राजापेठेकडून आत वळणाऱ्या एका गल्लीत 'खुशाल टेलर्स' अशी जुनी पाटी आहे, आणि त्या दुकानाच्या ट्रायल रूमच्या आरशामागे एक बार आहे. रीतसर परवान्याचा बार, चोरीचा मामला नाही. पण त्याला पाटी नाही, रस्त्यावर दिवा नाही. ज्याला ठाऊक आहे त्याने दुकानात यायचं आणि खुशालरावांना म्हणायचं, "लग्नाचा कोट शिवायचा आहे." खुशालरावांनी गळ्यातला टेप काढायचा, छातीचं माप घेतल्यासारखं करायचं आणि म्हणायचं, "ट्रायल रूममधी या." मग आरसा सरकतो आणि गिऱ्हाईक आत जातं. मोठ्या शहरांत म्हणे असले लपवलेले बार आता पुष्कळ झालेत. दार सापडायला जड गेलं की आतला पेला लोकांना जास्त चढतो, दुसरं काय!

ही अक्कल नितेशची. दुकान आणि त्यामागचं मोठं गोदाम नितेशच्या आजोबांचं. नितेश बाहेर सात-आठ वर्षं हॉटेलांच्या नोकऱ्या करून परत आला, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हा म्हाताऱ्या टेलरला हाकलणार. हाकललं नाही. उलट शाळेची हाफपँट ज्यांच्याकडून शिवून घेतली त्या खुशालरावांच्या पाया पडून तो म्हणाला, "काका, दुकान तुमचंच, पाटी तुमचीच. मी फक्त मागून दार काढतो. तुमी संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ बसा. पगार मी देतो. तुमाले काईच करायचं नाई."

तुम्हाला काहीच करायचं नाही, हे कारागिराला कोणी सांगू नये. पण नितेशने सांगितलं ते प्रेमाने, आणि खुशालरावांनीही ते प्रेमानेच ऐकलं. दुसरा इलाज कुठे होता?

खुशालराव मूळचे भातकुलीचे. घरचं काळ्या मातीचं वावर होतं, पण भाऊ चार, म्हणून सतराव्या वर्षी बापाने त्यांना गांधी चौकातल्या एका मास्टरच्या हाताखाली ठेवलं. पहिलं वर्ष त्यांनी नुसते काज केले. दुसऱ्या वर्षी कात्री हातात आली. चोविसाव्या वर्षी या भाड्याच्या जागेत स्वतःचं दुकान झालं. बेलबॉटम गेले, सफारी आले, सफारी गेले, आणि एक दिवस सगळंच रेडीमेड आलं. दिवाळीच्या आधी ज्या दुकानात कापडाच्या थप्प्यांमागे माणूस दिसत नव्हता, तिथे लोक पँट आखूड करून घ्यायला येऊ लागले, आणि तेवढ्यासाठीही घासाघीस करू लागले. खुद्द त्यांच्या मुलाने, किशोरने, स्वतःच्या लग्नात भाड्याची शेरवानी घातली. खुशालरावांनी त्याच्या कोटासाठी राखी रंगाचा एक उत्तम पीस दोन वर्षं आधीच घेऊन ठेवला होता. तो पेटीत राहिला. किशोर वाईट मुलगा नाही. "बाबा, आता कोन शिवते?" एवढंच तो म्हणाला, आणि ते खरंच होतं, म्हणून जास्त लागलं.

बार सुरू करताना नितेशने दुकान सजवलं. म्हणजे जे जुनं होतं ते आणखी जुनं केलं. खुशालरावांचं मोटरचं मशीन त्याने त्यांच्या घरी पोचतं केलं आणि त्या जागी कुठूनतरी काळं पायमशीन आणून ठेवलं. दिसायला देखणं, पॉलिश केलेलं, पण चालत नव्हतं. चाक जाम. पहिल्या दिवशी खुशालरावांनी सवयीने पायडलवर पाय ठेवला, आणि ते हललंच नाही. शेतात बुजगावण्याला सदरा घालतात ना, तसं त्यांना वाटलं. त्यांच्या मापाच्या जुन्या वह्यासुद्धा नितेशने मागून नेल्या. आत भिंतीवर लावल्यात म्हणे. खुशालराव कधी बघायला गेले नाहीत. गळ्यात तुळशीची माळ, आयुष्यात कधी थेंब घेतला नाही, तर आरशामागे जायचं कशाला? ते आरशाच्या या बाजूला बसत. आत पेले करणारी दामिनी नावाची मुलगी कामावर येताना त्यांना लिंबाचं सरबत देऊन जाई, तेवढाच त्यांचा आणि बारचा संबंध.

घरी मैनाबाईंना त्यांनी सांगून टाकलं होतं, लपवलं नव्हतं. मैनाबाई म्हणाल्या, "बसाचेच पैसे देते ना तो? मंग बसा." पण खुशालराव रात्री जेवताना गप्प का असतात, हे त्यांना कळत होतं.

तर अशा त्या दुकानात, कडाक्याची थंडी सुरू व्हायच्या दिवसांत, एका संध्याकाळी सातच्या सुमारास बाप-लेक आले. मुलगा तिशीचा, गोरा, हसतमुख. त्याचं नाव गौरांग, हे खुशालरावांना नंतर कळलं. बाप पासष्टीचा, पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. मुलाने आल्या आल्या ठरलेलं वाक्य म्हटलं, "काका, लग्नाचा कोट शिवायचा आहे," बापाकडे बोट दाखवलं, आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला म्हणून तो पायरीवर जाऊन बोलत उभा राहिला.

बापाचा चेहरा एकदम उजळला. "माझा? म्हणजे माझी आठवण आहे तर! सकाळपासून फिरतोय आम्ही. हिच्या साड्या, तिच्या साड्या, मांडववाला, बँडवाला. म्हटलं, वरबापाने काय घालायचं हे कोणी विचारतंय की नाही!"

खुशालरावांनी नेहमीसारखा टेप छातीला लावला आणि काढायला गेले, तर ते गृहस्थ हात पसरून उभे. माप द्यायला माणूस जसा उभा राहतो तसे. गेल्या अकरा महिन्यांत असं कोणी उभं राहिलं नव्हतं. लोक खिदळत, मोबाइलवर फोटो काढत, टेपचं टोक ओढून बघत.

"सांगून ठेवतो," गृहस्थ म्हणाले, "माझा डावा खांदा उतरता आहे. अकोल्याला छत्तीस वर्षं गणित शिकवलं. सायकलने जायचो, वह्यांची पिशवी कायम डाव्या खांद्याला. रेडीमेड कोट घातला की एका बाजूने पेंगतो."

खुशालरावांचा हात थांबला. टेलरने गिऱ्हाइकाच्या अंगातलं व्यंग तोंडाने बोलायचं नाही, वहीत खूण करायची आणि कापडात सांभाळून घ्यायचं, ही त्यांच्या मास्टरची शिकवण. ते म्हणाले, "थे मी तुमी दारातून आले तवाच पाह्यलं, गुरुजी. आमी बोलत नसतो."

"पण मी बोललो तर चालेल ना?"

"तुमी बोलले तं बेसच झालं."

मग खुशालरावांनी ड्रॉवरमधली उरलेली एकमेव वही काढली आणि खरंखुरं माप घेतलं. छाती, कंबर, बाही, पाठ, गळा. खांद्याचा उतार दोनदा मोजला. माप घेता घेता त्यांनी विचारलं, "कापड आनलं का?"

"नाही हो. तुमच्या नजरेला पटेल ते घाला. एवढंच बघा, की माणूस शिक्षक दिसला पाहिजे. नवरदेव दुसरा आहे."

"आतून खिसा?"

"चष्म्याचा. लग्न एकवीस तारखेला, अकोल्यालाच. ट्रायलला कधी येऊ?"

"पंधरा दिवसानं या. नाव काय लिवू?"

"नारायणराव लिहा. तुम्हाला पुरेसं आहे."

मुलगा फोन संपवून आत आला. "झालं माप? चला बाबा, आता गंमत बघा," असं म्हणत त्याने बापाच्या पाठीवर हात ठेवला. आरसा सरकला आणि दोघे आत गेले. बाहेर पडायचं दार मागच्या गल्लीत आहे, त्यामुळे आत गेलेला माणूस खुशालरावांना पुन्हा दिसत नाही. नारायणरावही दिसले नाहीत.

त्या रात्री खुशालराव जेवताना बोलले. एवढे बोलले, की मैनाबाईंनी हात धुऊन झाल्यावरही पाट सोडला नाही. आणि मग त्यांनी पेटी उघडून राखी पीस बाहेर काढला, तेव्हा मैनाबाईंचा आवाज चढला.

"थो किशोरच्या कोटाचा पीस हाय."

"किशोरले पायजे का आता?"

"मनून काय कोनालेबी देसान? तुमचं ते बारवालं वाक्यच बोलला ना तो पोरगा? थट्टा केली असन त्यायनं."

"थट्टा करनारा मानूस खांदा उतरता हाय असं सांगत नाई, मैना."

मैनाबाईंनी पेटीचं झाकण लावलं. पण ती शंका घरात शिरली ती शिरलीच. खुशालरावांनी दुसऱ्या दिवशी नितेशला विचारलं, "काल थे अकोल्याचे मास्तर आलते, त्यायचा नंबर हाय का तुयाजवळ?"

नितेश आधी समजलाच नाही. समजल्यावर हसत सुटला. "काका! थो तं पासवर्ड होता! सगळेच बोलतात. तुमी खरंच शिवून राहिले का?" हसता हसता त्याला खुशालरावांचा चेहरा दिसला असावा, कारण तो एकदम थांबला आणि म्हणाला, "नाई, मनजे... नाव-नंबर दारावर घेत नाई ना आपन. तसा नियमच हाय."

 खुशालरावांनी कोट शिवायला घेतला.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. खुशालरावांना त्या कोटाचे पैसे मिळण्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना एकच गोष्ट कळायला हवी होती. त्या संध्याकाळी समोर उभा राहिलेला माणूस खरोखर गिऱ्हाईक होता, की तोही बाकीच्यांसारखा खेळ खेळून गेला? गिऱ्हाईक असेल, तर खुशालराव अजून टेलर होते. नसेल, तर दारावर टेप लावून बसवलेला एक म्हातारा होते, आणि मग नितेश, किशोर, मैना, सगळ्यांचंच बरोबर होतं.

सकाळी चहा झाला की ते घरच्या मशीनवर बसत. कापायच्या दिवशी त्यांनी खडूच्या रेघा दोनदा पुसून पुन्हा ओढल्या. चार वर्षांत कोट कापला नव्हता. पण कात्री एकदा कापडात शिरली आणि हाताला आपलं घर आठवलं. डाव्या खांद्याला आतून भराव किती द्यायचा, यावर त्यांनी दोन सकाळी घालवल्या. जास्त दिला तर कोट सरळ दिसतो आणि माणूस वाकडा. नारायणराव जसे होते तसेच राहायला हवे होते, फक्त कोटाने पेंगू नये. सगळा कोट त्यांनी पांढऱ्या दोऱ्याच्या कच्च्या टाक्यांवर उभा केला आणि हँगरला लावून दुकानात आणून टांगला. ट्रायलशिवाय पक्की शिलाई मारायची नाही, हेही मास्टरचंच.

पंधरा दिवस झाले. नारायणराव आले नाहीत.

सोळावा दिवस गेला, सतरावा गेला. दुकानात येणारे लोक त्या पांढऱ्या टाक्यांच्या कोटाकडे बघून म्हणत, "काय भारी सजवलंय यार!" आणि त्याच्यासोबत फोटो काढत. खुशालराव ऐकून घेत. एका संध्याकाळी त्यांनी कोट खाली उतरवला, घडी करून पिशवीत भरला, आणि पुन्हा बाहेर काढून टांगला. लग्नाला अजून पाच दिवस होते.

सतरा तारखेला सात-सव्वासातला पाच-सहा पोरं धडधडत दुकानात शिरली. सगळ्यांत पुढे गौरांग. लग्नाआधीची मित्रांची मेजवानी असावी. "काका, लग्नाचा कोट शिवायचा आहे!" तो ओरडला आणि मित्रांनी शिट्ट्या मारल्या.

खुशालराव उठून उभे राहिले. "तयार हाय," ते म्हणाले. "ट्रायल राह्यली फक्त. गुरुजी नाई आले?"

"क्या बात है!" गौरांगने टाळी दिल्यासारखा हात हवेत हलवला. त्याला वाटलं, खेळात नवीन वाक्य आलं. आरसा सरकला, सगळे आत गेले, आरसा बंद झाला.

खुशालराव टांगलेल्या कोटापाशी गेले. राग आला होता, आणि रागापेक्षा भीती जास्त होती. आत जाऊन विचारलं आणि उत्तर हसण्यात आलं तर? विचारलं नाही तर निदान कोट टांगलेला राहील, आणि मनाशी म्हणता येईल की म्हातारा आजारी पडला असेल. पण असं किती दिवस म्हणत राहणार? त्यांनी हँगर काढला, गळ्यातली माळ शर्टाच्या आत सारली, आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदा स्वतःच्या हाताने आरसा सरकवला.

आत त्यांनी मनात धरलं होतं तसं काहीच नव्हतं. घाण वास नाही, आरडाओरडा नाही. मंद पिवळे दिवे, लांब लाकडी ओटा, ओट्यामागे दामिनी संत्र्याची साल पातळ सोलत होती. भिंतीवर काचेच्या चौकटींत त्यांच्या वह्यांची पानं. चाळीस वर्षांतली माणसं, छाती-कंबर-बाहीसकट, कोणाच्या नावापुढे पोक काढल्याची खूण, कोणाच्या पुढे पोटाची. त्यातले निम्मे आता हयात नव्हते. खुशालरावांनी ज्या गोष्टी कधी तोंडाने उच्चारल्या नाहीत, त्या तिथे दिव्याखाली टांगल्या होत्या. खुणा कोणाला वाचता येत नव्हत्या, एवढीच लाज राखली गेली होती.

दामिनीने त्यांना पाहिलं आणि हातातलं काम टाकलं. "काका, तुमी आत?" पाठोपाठ नितेश लगबगीने आला. "काका, काय झालं? दारावर कोन हाय मंग?"

"दार कुठीसा पळून नाई चाललं," खुशालराव म्हणाले, आणि सरळ कोपऱ्यातल्या टेबलापाशी गेले.

पोरांनी आधी टाळ्या वाजवल्या. खुशालरावांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते गौरांगला म्हणाले, "बापू, एक विचारतो, खरं सांगजो. तुया बाबानं त्या दिवशी मले माप देल्लं. एकवीस तारीख सांगतली. कापड माया मनचं घ्याले लावलं. थे थट्टेत होतं, की खरं? थट्टा असन तं तसं सांग, मी काई बोलनार नाई. हा कोट उसवून टाकतो."

गौरांग हसतच होता. मग त्याची नजर कोटावर गेली. पांढरे टाके, खडूच्या खुणा, डाव्या खांद्याशी टोचलेल्या दोन टाचण्या. त्याने पेला खाली ठेवला. 

"काका," तो म्हणाला, "तुम्ही खरंच शिवला?"

"माप देल्लं तं शिवनार नाई?"

"बाबा हेच म्हणतायत." त्याने कोटाच्या बाहीला हात लावला. "तीन आठवडे हेच म्हणतायत. त्या दिवशी बाहेर पडल्यावर मी त्यांना सांगितलं की तो खेळ आहे, पुढचं दुकान नुसतं दाखवायला आहे. ते म्हणाले, छे, पुढे टेलर आहे आणि मागे बार, गावात जागा मिळत नाही म्हणून दोघांनी वाटून घेतली असेल. मी हसलो. आई म्हणाली, तुम्हाला कोट घेऊन देऊ. ते म्हणाले, माझा शिवायला टाकलाय. कितीही समजावलं तरी तेच. ट्रायलची तारीख आहे म्हणून एकटे एसटीला निघाले होते, आईने स्टँडवरून परत आणलं."  मित्र टेबलाकडे बघत होते. "आम्ही त्यांना डॉक्टरकडे नेलं, काका. विसरायला लागलेत, काहीतरी भलतंच धरून बसतात, असं मीच सांगितलं डॉक्टरला. त्यांच्यासमोर."

 एवढे दिवस खुशालराव स्वतःच्याच काळजीत होते. तिकडे अकोल्यात एक धडधाकट माणूस खरं बोलत होता, आणि घरचे त्याला वेड्यात काढत होते, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांना गौरांगचा राग आला, आणि त्याची कीवही आली.

"फोन लाव," ते म्हणाले.

गौरांगने लावला. "बाबा," एवढंच म्हणून त्याने फोन पुढे केला.

"गुरुजी, मी खुशालराव बोलून राहिलो. अमरावतीहून. टेलर."

 पलीकडून नारायणरावांचा आवाज आला, हळू, जपून, वर्गात उत्तर चुकेल की काय अशा भीतीने बोलणाऱ्या पोरासारखा. "कोट... झाला का?"

"ट्रायल राह्यली हाय. तुमी आले नाई म्हनून मी पक्की शिलाई मारली नाई. उद्या या."

"येतो," नारायणराव म्हणाले. "थांबा, एक मिनिट. हे जरा पुन्हा बोला. इथे गौरांगची आई बसली आहे, तिला ऐकू दे." खुशालरावांनी तेच वाक्य मोठ्याने, सावकाश, पुन्हा म्हटलं. सबंध बार ऐकत होता. दामिनी ओढणीने डोळे पुसत होती, आणि नितेश भिंतीवरच्या वह्यांच्या पानांकडे असा बघत होता, जणू ती त्याने आजच पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुशालराव लवकर दुकानात गेले. मोटरचं मशीन त्यांनी किशोरकरवी ऑटोत घालून परत आणवलं होतं. नितेश शटर उघडून आधीच उभा होता. त्याने काळं पायमशीन स्वतः ओढत कोपऱ्यात नेलं. "काका, दिवसा तुमचं दुकान तुमचं. संध्याकाळीबी कोनी खरंच माप द्याले आलं, तं घेत जा. मी काई म्हननार नाई."

"तू नाई म्हनला असता तरी मी घेतलंच असतं," खुशालराव म्हणाले. नितेशने मान हलवली आणि मशीनची वायर जोडून दिली.

साडेअकराला नारायणराव आले. एकटेच, एसटीने. गौरांग गाडी घेऊन न्यायला येतो म्हणत होता, त्याला त्यांनी नको सांगितलं होतं. धोतर-पगडीच्या काळातला माणूस वाटावा इतक्या अदबीने त्यांनी चपला पायरीखाली काढल्या आणि आरशासमोर उभे राहिले. खुशालरावांनी कोट त्यांच्या अंगावर चढवला, मागून पाठ सारखी केली, टाचण्या ओठांत धरल्या आणि एकेक लावू लागले.  बाहेरून एक भाजीवाला ओरडत गेला.

"खुशालराव," नारायणराव आरशातूनच म्हणाले, "घरच्यांवर माझा राग नाही. त्यांना काळजी होती. पण माणसाला रोज सगळ्यांनी सांगितलं ना, की असं झालंच नाही, तर एक दिवस त्यालाही तसंच वाटायला लागतं. परवा मी हिला म्हणून टाकलं, असेल बाई, मलाच भास झाला असेल. छत्तीस वर्षं पोरांना सांगत आलो, उत्तर बरोबर असेल तर सोडायचं नाही. आणि मीच सोडलं. मी वेडा झालो होतो का हो?"

खुशालरावांनी ओठांतल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. 

"गुरुजी, मलेबी घरी-दारी सगळे हेच सांगून राहिले होते. खेळ होता, थट्टा होती, कोन शिवते आता. परवा मीबी कोट उतरवून पिशवीत भरला होता. तुमी येडे असान तं मीबी येडाच. पन दोन येड्यायच्यानं असा कोट होत नसते."

नारायणराव आरशात बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत, कारण हात हलवला असता तर टाचण्या निघाल्या असत्या. खुशालराव त्यांच्यामागे गुडघ्यावर बसले आणि कोटाची लांबी खडूने पक्की करू लागले.